पूरक आरोग्य विमा: हप्ता पाहण्याआधी काय पाहावे

नोव्हेंबर महिन्यात सांगलीतील बँकांमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तांची रीघ लागते आणि त्या रांगेत हल्ली प्रकृतीच्या चौकशीपाठोपाठ आरोग्य विम्याच्या हप्त्याचा विषय हटकून निघतो. कोणाच्या जुन्या मेडिक्लेमचा हप्ता पेलवेनासा झालेला असतो, कोणाला बँकेच्या गटविम्याचे नूतनीकरण करावे की नाही असा प्रश्न पडलेला असतो, आणि बहुतेकांना कोणीतरी ‘टॉप-अप घेऊन टाका, फार स्वस्तात मिळते’ असे सांगितलेले असते. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आकडेमोडीची सवय असल्यामुळे विश्रामबाग भागातील ओळखीचे लोक दोन-तीन कंपन्यांची दरपत्रके घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘बाई, यातली स्वस्त कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर देता येते, पण ते सर्वांत शेवटी देता येते. त्याआधी काय काय पाहावे लागते आणि ते न पाहता केलेली तुलना निवृत्त माणसाला कशी महागात पडते, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आपल्या भागातील निवृत्तांची परिस्थिती आधी नीट समजून घेतली पाहिजे. पुष्कळांकडे सरकारी विमा कंपनीची जुनी मेडिक्लेम पॉलिसी असते, तिची रक्कम दोन किंवा तीन लाख असते आणि ती घेतली तेव्हा ती पुरेशी होती. बँकांतून निवृत्त झालेल्यांना गटविमा असतो, पण त्याचा दर आणि अटी दर नूतनीकरणाच्या वेळी नव्याने ठरतात. काहींना पुण्यात किंवा बंगळुरात नोकरी करणाऱ्या मुलाच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील म्हणून जागा मिळालेली असते. साखर कारखान्यातून किंवा कुपवाडच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेल्या अनेकांकडे यांपैकी काहीच नसते. दुसऱ्या बाजूला मिरज शेजारीच आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून या गावाला रुग्णसेवेची परंपरा आहे आणि आजही सीमेपलीकडच्या कर्नाटकातून लोक उपचारांसाठी मिरजेला येतात. उपचार घराजवळ मिळतात हे आपले भाग्यच. परंतु हृदयाची शस्त्रक्रिया, सांधेरोपण किंवा कर्करोगावरचे उपचार म्हटले की तीन लाखांची जुनी पॉलिसी अपुरी पडते, हेही तितकेच खरे आहे.

अशा वेळी दोन मार्ग उरतात. मूळ पॉलिसीची रक्कम वाढवून घेणे हा एक मार्ग, पण पासष्टीच्या पुढे तो फार खर्चिक ठरतो. दुसरा मार्ग पूरक विम्याचा, म्हणजे टॉप-अप किंवा सुपर टॉप-अपचा. या पॉलिसीत एक मर्यादा आधीच ठरलेली असते, तिला डिडक्टिबल म्हणतात. त्या मर्यादेपर्यंतचा खर्च मूळ विम्याने किंवा आपण स्वतः भरायचा आणि त्यापुढचा खर्च पूरक विम्याने उचलायचा, अशी ही रचना आहे. लहानसहान दावे या कंपनीपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून तिचा हप्ता कमी असतो. डिडक्टिबलइतकी मूळ पॉलिसी असलीच पाहिजे अशी सक्तीही सर्वसाधारणपणे नसते. ज्याच्या बँकेत तेवढी ठेव बाजूला काढून ठेवलेली आहे तोही असा विमा घेऊ शकतो.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या दोहोंची नावे सारखी वाटली तरी त्यांच्यातील फरक जमीन-अस्मानाचा आहे. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक दाव्याला स्वतंत्रपणे लागू होते, तर सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातील सगळा खर्च एकत्र मोजून ते एकदाच वजा केले जाते. समजा डिडक्टिबल ३ लाखांचे आहे आणि एकाच वर्षात तीन वेळा रुग्णालयात दाखल होऊन प्रत्येक वेळी अडीच लाखांचा मान्य खर्च झाला. साध्या टॉप-अपमधून एक रुपयाही मिळणार नाही, कारण एकही बिल तीन लाखांच्या वर गेलेले नाही. सुपर टॉप-अपमधून मात्र साडेसात लाखांतून तीन लाख वजा होऊन साडेचार लाख मिळतील. उतारवयातील आजार एकदा येऊन थांबणारे नसतात, एकाच दुखण्यासाठी वर्षातून दोन-तीनदा दाखल व्हावे लागते. म्हणून निवृत्त व्यक्तीने साध्या टॉप-अपचा विचारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन दरपत्रकांत एक बरेच स्वस्त दिसले, तर सर्वप्रथम त्यातील एखादे साधे टॉप-अप तर नाही ना, हे पाहावे.

आमच्या शाळेतील एक बाई आता मुलीकडे अमेरिकेत असतात. त्यांच्याशी या विषयावर बोलताना तिथली एक व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटली. तिकडे ६५ वर्षांवरील लोकांना मेडिकेअर हा सरकारी विमा मिळतो आणि त्यातून उरणारा खर्च भरून काढण्यासाठी खाजगी कंपन्यांचा पूरक विमा मिळतो, त्याला मेडिगॅप म्हणतात. या पूरक विम्याचे प्रकार सरकारनेच ठरवून दिलेले आहेत आणि त्यांना ए, बी, डी, जी, एन अशी अक्षरे दिलेली आहेत. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांची रचना वेगळी आहे. बाकी सर्वत्र प्लॅन जी कोणत्याही कंपनीचा घेतला तरी त्याचे मूळ लाभ तेच राहतात. त्यामुळे तिथला ग्राहक नुसत्या किमतीची तुलना करू शकतो. आपल्याकडे सर्व कंपन्यांना सारख्याच अटींवर द्यावी लागणारी आरोग्य संजीवनी ही पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून आली, पण ती मूळ विम्याची आहे. सुपर टॉप-अपमध्ये प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असतात. म्हणजेच अटी समपातळीवर आणण्याचे जे काम तिथे कायद्याने करून ठेवले आहे, ते इथे आपल्याला वही-पेन घेऊन करावे लागते.

त्याच अमेरिकी व्यवस्थेतील आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. तिथे हप्ता ठरवण्याच्या तीन पद्धती मान्य आहेत. एका पद्धतीत वयाचा विचार न करता सर्वांना सारखा हप्ता असतो, दुसऱ्या पद्धतीत पॉलिसी घेताना जे वय असते त्यावर हप्ता ठरतो, आणि तिसऱ्या पद्धतीत जसजसे वय वाढते तसतसा हप्ताही वाढत जातो. तिसऱ्या पद्धतीची पॉलिसी सुरुवातीला सर्वांत स्वस्त दिसते आणि पुढे सर्वांत महाग होऊ शकते, असा इशारा तिथल्या ग्राहकांना दिला जातो. भारतातील आरोग्य विम्यात वाढत्या वयाबरोबर हप्ता वाढणे हीच सर्वसाधारण रीत आहे, पण तो इशारा मात्र आपल्याला कोणी देत नाही. एजंटाने मोबाइलवर पाठवलेल्या कोटेशनमध्ये फक्त आजच्या वयाचा आकडा असतो.

माझ्या मते संपूर्ण तुलनेत सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब हीच आहे. विम्याची किंमत म्हणजे या वर्षीचा हप्ता नव्हे. आपण हयात असेपर्यंत दरवर्षी जे भरणार आहोत त्याची बेरीज ही खरी किंमत. समजण्यासाठी दोन काल्पनिक कंपन्या घेऊ. पहिल्या कंपनीचा हप्ता ६१ ते ६५ या वयात वर्षाला ९,००० रुपये, ६६ ते ७० मध्ये १३,०००, ७१ ते ७५ मध्ये २१,००० आणि ७६ ते ८० मध्ये ३०,००० आहे. दुसऱ्या कंपनीचा त्याच टप्प्यांतील हप्ता ११,०००, १३,५००, १७,००० आणि २१,००० आहे. आज ६१ वर्षांच्या माणसाला पहिली कंपनी वर्षाला दोन हजारांनी स्वस्त दिसते आणि सत्तरीपर्यंत ती एकंदर साडेबारा हजारांनी स्वस्त राहतेही. त्यानंतर चित्र उलटते. वीस वर्षांची बेरीज केली तर पहिल्या कंपनीला ३,६५,००० रुपये आणि दुसरीला ३,१२,५०० रुपये जातात. म्हणजे जी स्वस्त वाटली ती साडेबावन्न हजारांनी महाग पडली. आजचा रुपया आणि पंधरा वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो, हे मला मान्य आहे. पण हप्त्याची सर्वांत मोठी उडी ज्या वयात येते त्याच वयात रुग्णालयाची गरज सर्वाधिक असते, आणि त्या वेळी हप्ता झेपत नाही म्हणून पॉलिसी सोडून द्यावी लागली, तर आधीच्या पंधरा वर्षांच्या हप्त्यांचा उपयोग तो काय?

म्हणून कोटेशन मागताना आपल्या आजच्या वयासोबत ७०, ७५ आणि ८० या वयांचे आजचे दरही मागून घ्यावेत. हे दर कंपनीच्या दरपत्रकात असतात. संकेतस्थळावर जन्मतारीख बदलून पाहिली तरी ते दिसतात. हेच आकडे पुढे कायम राहतील असे नाही, कारण संपूर्ण दरपत्रकही अधूनमधून बदलते. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, ३० जानेवारी २०२५ रोजी असा आदेश दिला आहे की ६० वर्षांवरील विमाधारकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. हे बंधन स्वागतार्ह आहे, परंतु त्यावर विसंबून निश्चिंत राहता येणार नाही. दरवर्षी १० टक्के वाढ झाली तर आठव्या वाढीला हप्ता दुपटीच्या पुढे जातो. चक्रवाढीचे हे गणित मी वर्गात इतकी वर्षे शिकवले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या प्रत्येकाने ते स्वतःच्या हप्त्याला एकदा लावून पाहावे.

आता डिडक्टिबलविषयी. ते जितके मोठे तितका हप्ता कमी, हे उघडच आहे. त्यामुळे ५ किंवा १० लाखांच्या डिडक्टिबलची पॉलिसी फार स्वस्त दिसते आणि विकणारा तीच पुढे करतो. प्रश्न असा आहे की तो आधीचा पाच लाखांचा खर्च कोण भरणार? ज्यांची मूळ पॉलिसी तीन लाखांची आहे त्यांनी पाच लाखांचे डिडक्टिबल घेतले, तर मधले दोन लाख त्यांच्या स्वतःच्या खिशातून जाणार. तेवढी रक्कम मोडता येईल अशी ठेव असेल तर हरकत नाही, पण तो निर्णय समजून-उमजून झाला पाहिजे. मुलाच्या कंपनीतील गटविम्याच्या भरवशावर मोठे डिडक्टिबल घेणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. मुलाने नोकरी बदलली, किंवा कंपनीने आई-वडिलांना विम्यातून वगळले, तर तो आधार एका दिवसात जातो. डिडक्टिबल मात्र तेवढेच राहते आणि सत्तराव्या वर्षी नवी मूळ पॉलिसी मिळवणे सोपे नसते.

पती-पत्नी दोघांनी मिळून फ्लोटर, म्हणजे दोघांची एकच सामाईक पॉलिसी, घ्यावा की स्वतंत्र पॉलिसी, हा प्रश्नही हप्त्याच्या आकड्यावर सोडवला जातो. फ्लोटर सुपर टॉप-अपमध्ये साधारणपणे दोघांचा वर्षातील खर्च एकत्र मोजला जातो, त्यामुळे डिडक्टिबल लवकर ओलांडले जाते आणि हा निवृत्त जोडप्यासाठी मोठा फायदा आहे. मात्र फ्लोटरचा हप्ता बहुधा दोघांपैकी मोठ्या वयाच्या व्यक्तीवरून ठरतो. वयात सात-आठ वर्षांचे अंतर असेल तर दोन्ही प्रकारांचे आकडे मागवून पाहावेत. अंतर थोडे असेल तर फ्लोटर बरा.

यानंतरचा मुद्दा मला एका बिलावरूनच दाखवायचा आहे, कारण खोलीभाड्याची अट पॉलिसीच्या कागदावर वाचताना क्षुल्लक वाटते आणि डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीपाशी उभे राहिल्यावरच तिचा अर्थ कळतो. समजा एखाद्या निवृत्त गृहस्थांची मूळ पॉलिसी ३ लाखांची आहे आणि तिच्यात खोलीभाडे दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये, इतकेच मान्य आहे. शस्त्रक्रियेसाठी ते पाच दिवस दाखल झाले आणि मिळालेल्या खोलीचे भाडे ६,००० रुपये होते. बिल असे आले: खोलीभाडे ३०,०००, शस्त्रक्रिया, भूल, शुश्रूषा आणि डॉक्टरांची फी मिळून १,६०,०००, औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेले उपकरण मिळून २,००,०००, आणि हातमोजे, मास्क यांसारख्या, विम्यात न बसणाऱ्या वस्तू १५,०००. एकूण ४,०५,००० रुपये.

मूळ पॉलिसीत खोलीभाड्याचे १५,००० मान्य होतील. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतल्यामुळे डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा होऊन ८०,००० मान्य होईल. याला प्रमाणबद्ध कपात म्हणतात. औषधे, तपासण्या आणि उपकरणे यांना ही कपात लावता येत नाही, असा नियामकाचा नियम असल्यामुळे २,००,००० पूर्ण मिळतील. म्हणजे मूळ कंपनीने २,९५,००० दिले आणि १,१०,००० उरले. आता या गृहस्थांकडे ३ लाख डिडक्टिबलचे सुपर टॉप-अप आहे. त्यात खोलीभाड्याची मर्यादा नसेल, तर त्या कंपनीच्या हिशेबाने मान्य खर्च ३,९०,००० होतो, त्यातून ३ लाख वजा जाऊन ९०,००० मिळतात आणि खिशातून फक्त २०,००० जातात. पण त्या सुपर टॉप-अपमध्येही ३,००० रुपयांचीच मर्यादा असेल, तर तिच्या हिशेबानेही मान्य खर्च २,९५,००० इतकाच ठरतो. तो तीन लाखांच्या आत असल्यामुळे पूरक कंपनी काहीही देत नाही आणि संपूर्ण १,१०,००० रुपये खिशातून भरावे लागतात. एका ओळीच्या अटीमुळे एकाच वेळच्या आजारपणात ९०,००० रुपयांचा फरक पडतो. हप्त्यात वर्षाला हजार-दोन हजार वाचवण्यासाठी खोलीभाड्याची मर्यादा असलेली पूरक पॉलिसी घेणे किती नुकसानीचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. डिडक्टिबल ओलांडले की नाही हे रुग्णालयाच्या बिलावरून ठरत नाही; पूरक कंपनीच्या अटींनुसार मान्य होणाऱ्या खर्चावरून ठरते. ‘बिल चार लाखांचे झाले, तीन लाखांच्या वरचे मिळायलाच हवे’ असा समज करून घेतलेले अनेक जण मला भेटले आहेत. मूळ आणि पूरक पॉलिसींच्या अटी जितक्या परस्परांशी जुळतील तितकी ही अडचण कमी. दोन्ही एकाच कंपनीच्या असतील तर कागदपत्रांची धावपळ वाचते, पण केवळ त्यासाठी वाईट अटींची पॉलिसी घेऊ नये. कंपन्या वेगळ्या असल्या तर मूळ कंपनीचे सेटलमेंट लेटर, बिलांच्या आणि डिस्चार्ज समरीच्या साक्षांकित प्रती रुग्णालयातून निघतानाच घ्याव्यात.

को-पे असलेल्या पॉलिसीही अशाच स्वस्त दिसतात. ज्येष्ठांसाठी म्हणून खास विकल्या जाणाऱ्या पॉलिसींमध्ये मान्य दाव्याचा २० टक्के किंवा त्याहूनही अधिक भाग विमाधारकाने भरावा, अशी अट अनेकदा असते. चार लाखांच्या दाव्यावर २० टक्के म्हणजे ८०,००० रुपये. को-पे असलेली आणि नसलेली पॉलिसी हप्त्याच्या एकाच रांगेत मांडू नये, एवढेच येथे पुरे.

प्रतीक्षा कालावधी, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर ठरावीक आजारांचा खर्च ज्या काळात मिळत नाही तो काळ, हा मात्र विस्ताराने सांगण्याचा विषय आहे. साठीनंतर मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघ्यांचे दुखणे नसलेला माणूस विरळाच. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने वाट पाहायला लावू शकते. १ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. मोतीबिंदू, हर्निया, सांधेरोपण अशा ठरावीक उपचारांसाठीही स्वतंत्र कालावधी असतो, तो बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा असतो. काही कंपन्या अधिक हप्ता घेऊन पूर्वीच्या आजारांचा कालावधी एका वर्षावर आणतात. चौसष्टाव्या वर्षी पॉलिसी घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीसाठी हा जास्तीचा हप्ता बहुतेक वेळा योग्य ठरतो. १ एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही नवीन आरोग्य विमा घेण्याचा मार्ग अधिक मोकळा झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळे ‘नंतर घेऊ’ असे म्हणणाऱ्यांना बळ मिळू नये, कारण प्रतीक्षेची वर्षे पॉलिसी घेतल्यानंतरच मोजायला लागतात.

याच ठिकाणी प्रपोजल फॉर्मविषयी, म्हणजे विमा घेताना भरायच्या अर्जाविषयी, कळकळीने सांगायचे आहे. ‘बीपीची गोळी लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला देणारे लोक आपल्या आजूबाजूला आहेत आणि त्यांचे ऐकून कित्येक सज्जन माणसे आपला आजार फॉर्ममध्ये लिहीत नाहीत. पुढे रुग्णालयाच्या केस पेपरवर ‘गेली दहा वर्षे रक्तदाबाचा त्रास’ अशी नोंद होते आणि माहिती दडवली या कारणाने दावा नाकारला जातो, क्वचित पॉलिसीही रद्द होते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही असा नियम आता आहे. पूर्वी हा काळ ९६ महिन्यांचा होता. पण त्या नियमाच्या आशेवर खोटी माहिती देणे हे सरळ-सरळ चूक आहे, आणि पहिल्या पाच वर्षांत आजारी पडणार नाही याची हमी कोण देणार? सर्व गोळ्यांची नावे आणि झालेल्या सर्व शस्त्रक्रिया फॉर्ममध्ये लिहाव्यात, आणि ऑनलाइन अर्ज दुसऱ्याने भरला असेल तरी त्याची प्रत स्वतः वाचून मगच सही करावी.

कराचा भाग थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी पूर्णपणे रद्द झाला. फ्लोटर आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीही त्यात येतात. गटविम्याला मात्र ही सवलत नाही. त्यामुळे जुन्या कोटेशनची नव्याशी तुलना करताना सावध राहावे: पूर्वीच्या २३,६०० रुपयांच्या हप्त्यात ३,६०० रुपये कर होता आणि मूळ हप्ता २०,००० होता. नवे कोटेशन २१,५०० चे आले तर ते स्वस्त झाले असे वाटेल, प्रत्यक्षात मूळ हप्ता वाढलेला असेल. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०डी नुसार ज्येष्ठ नागरिकांना ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट मिळते, मात्र हप्ता रोखीने भरलेला चालत नाही. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. वजावटीसाठी मोठ्या हप्त्याची पॉलिसी घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक आधार आहे आणि तो तुलनेत धरलाच पाहिजे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. हे संरक्षण कुटुंबातील सत्तरीवरील व्यक्तींमध्ये मिळून असते. आधार कार्डावरून या योजनेचे वय वंदना कार्ड काढता येते, पूर्वीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात आणि खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. ज्यांना केंद्र सरकारची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस योजना लागू आहे, त्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते. हप्ता शून्य असल्यामुळे कार्ड न काढण्याचे काही कारणच नाही. परंतु उपचार योजनेतील रुग्णालयातच आणि योजनेतील ठरावीक पॅकेजमध्येच होतात. योजनेतून झालेल्या उपचाराचे बिल रुग्णाच्या हाती येत नसल्यामुळे, ते पाच लाख म्हणजे आपल्या सुपर टॉप-अपचे डिडक्टिबल भरले गेले असा हिशेब परस्पर मांडू नये. कंपनीकडून याचे उत्तर लेखी घ्यावे. माझ्या विचाराने कार्ड आणि पूरक विमा हे दोन स्वतंत्र मार्ग म्हणून ठेवावेत आणि कोणता आजार कोणत्या मार्गाने न्यायचा, हे त्या वेळी रुग्णालय पाहून ठरवावे.

प्रत्यक्ष तुलना करताना मी वहीचे एक आडवे पान घेते. डावीकडे पॉलिसींची नावे लिहिते आणि पुढे रकाने पाडते: टॉप-अप की सुपर टॉप-अप, विमा रक्कम, डिडक्टिबल, खोलीभाडे, को-पे, पूर्वीच्या आजारांची प्रतीक्षा, मोतीबिंदू व सांधेरोपणावरील मर्यादा, विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे संरक्षण, आणि मग आजचा, सत्तरीचा, पंचाहत्तरीचा व ऐंशीचा हप्ता. रकाने भरण्यासाठी जाहिरातीचे पत्रक वापरू नये. प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक देणे कंपनीला बंधनकारक आहे, त्या चार-पाच पानांत बहुतेक सगळी उत्तरे असतात आणि ते स्थानिक भाषेत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. एजंट चांगला असेल तर त्याचा पुढे दाव्याच्या वेळी मोठा उपयोग होतो, म्हणून केवळ ऑनलाइन थोडे स्वस्त मिळते या कारणासाठी त्याला टाळावे असे मी म्हणणार नाही. पण ज्या एजंटाला पंचाहत्तरीचा हप्ता विचारल्यावर राग येतो, त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नये. मिरज-सांगलीतील ज्या दोन-तीन रुग्णालयांत आपण खरोखर जाणार आहोत, तिथल्या विमा विभागात जाऊन ‘या कंपनीचे कॅशलेस तुमच्याकडे नीट होते का’ असे विचारावे. तिथले कर्मचारी रोज तेच काम करत असल्यामुळे त्यांच्याकडून खरी माहिती मिळते.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांच्या आत ती वाचून, पटली नाही तर परत करता येते. हे दिवस कपाटात ठेवून घालवू नयेत. आधीच एखादी पूरक पॉलिसी असेल आणि ती महाग किंवा अपुरी वाटत असेल, तर ती बंद करून नवी घेण्याऐवजी पोर्टेबिलिटीचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, अर्ज करावा, म्हणजे प्रतीक्षेची पूर्ण झालेली वर्षे वाया जात नाहीत. हा अर्ज नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान ४५ दिवस करायचा असतो. दाव्याबद्दल तक्रार असेल तर आधी कंपनीकडे लेखी द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. सांगली जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे, तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

शेवटची एक बाब तारखेची आहे. सुपर टॉप-अपचे डिडक्टिबल त्या पॉलिसीच्या वर्षात मोजले जाते. मूळ पॉलिसी जूनमध्ये आणि पूरक पॉलिसी डिसेंबरमध्ये सुरू होत असेल, तर नोव्हेंबर आणि जानेवारीत रुग्णालयात दाखल झाल्याचे दोन दावे मूळ पॉलिसीच्या एकाच वर्षात, पण पूरक पॉलिसीच्या दोन वेगळ्या वर्षांत पडतात. मूळ रक्कम संपून जाते आणि डिडक्टिबल मात्र दोनदा लागते. म्हणून नवे सुपर टॉप-अप घेताना त्याची सुरुवातीची तारीख मूळ पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या तारखेशी जुळवून मागावी. कंपनीला यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, फक्त पॉलिसी घेण्याचा दिवस आपल्याला निवडावा लागतो.